ऑइलच्या दिव्याची वायर

अण्णा, गेल्या महिन्यात मलकापूरकडची एक जुनी डिझेल जीप गॅरेजला आली आणि तिच्यापायी मला तुमच्याशी बोलावं लागतंय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. लोकांना मी सांगते की वडिलांबद्दल माझ्या मनात आता काही नाही. ते खोटं आहे. मी तुमच्याशी जवळजवळ रोज भांडते, पाना शोधताना, गाडीखाली पडल्या पडल्या, जेवताना. आज कागदावर भांडतेय, एवढाच फरक. कागदावर बरं पडतं, मध्येच खाकरून तुम्ही उठून जाऊ शकत नाही.

तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. तेव्हा मी वीस वर्षांची आहे. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स संपवून मंगळवार पेठेतल्या आपल्या गॅरेजात तुमच्या हाताखाली दुसरं वर्ष चाललंय. सगळी पेठ म्हणते, अण्णांना मीटर लागत नाही, अण्णांचा कान आहे. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचं. समोरच्या दुकानातले लोक चहाचा पेला हातात घेऊन ते बघायला येतात. मलाही त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करते. हातकणंगल्याचा एक माणूस त्याची जुनी जीप घेऊन आला तो त्याच दिवसांतला. गाडी तापली आणि उभ्या जागी स्लोवर आली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मिणमिणायचा. तो माणूस घाबरला होता. तुम्ही सांगितलंत म्हणून मी ऑइल बदललं, फिल्टर बदलला, खालचा ड्रेन बोल्ट आवळला. गाडी तापवली, दिवा पुन्हा मिणमिणला. मी म्हणाले, मीटर लावून ऑइलचं प्रेशर मोजूया, म्हणजे दिवा खोटं बोलतोय की खरंच इंजिनात प्रेशर नाही ते कळेल. हे मी तुमच्या कानाशी येऊन म्हणाले असते तर चाललं असतं का, ते मला माहीत नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. पेचकस कानाला लावलात, डोळे मिटलेत आणि त्या माणसाला म्हणालात, ‘‘काय सुदिक झालं न्हाय. घड्याळागत वाजतंय. दिव्याचा स्विच गेलाय.’’ मग इंजिनाला बसवलेल्या त्या स्विचवरची वायर ओढून काढलीत, तिच्या टोकाला टेप गुंडाळलीत आणि ती बाजूला खोचून ठेवलीत. दिवा विझला. तो माणूस हसत गेला.

आठव्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून ती जीप परत आली. भर रस्त्यात इंजिन जाम झालं होतं. गाडीत त्याची म्हातारी आई होती, दोन लहान मुली होत्या, आणि मागून येणारा ट्रक अगदी थोडक्यात बाजूला वळला होता. तो माणूस ओरडत होता, त्याचं ओरडणं बरोबरच होतं. गॅरेजात आठ-दहा जण तरी असतील. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात, फडक्याला एक एक बोट पुसलंत, आणि म्हणालात, ‘‘पोरीनं ऑइल बदललंतं. बोल्ट ढिला ऱ्हायला असंल.’’ त्यातला ‘असंल’ मी सत्तावीस वर्षं ऐकतेय. तुम्ही पूर्ण खोटंसुद्धा बोलला नाहीत. तुम्ही तेवढी जागा ठेवलीत आणि उरलेलं सगळं लोकांनी भरलं. दुपारी सगळे गेल्यावर मी ट्रे घेऊन त्या जीपखाली शिरले. ड्रेन बोल्ट इतका घट्ट होता की दोन हात लावून पाना ओढावा लागला. ऑइल पडायला लागलं आणि पडतच राहिलं, ट्रे काठोकाठ भरला. तुम्ही दारात उभे होता. ट्रे बघितलात. ऑइल कमी नव्हतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार होतं? आणि तुम्ही काय म्हणालात, तर ‘‘उद्यापासनं गॅरेजला यायचं न्हाय.’’

घरी आई भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, ट्रेचंही सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘त्यांचं नाव हाय गावात. तुझं अजून कुठं झालंय?’’ मला वाटतं तिनं ते मला समजावायला म्हटलं, दुखवायला नाही. पण त्या दिवसापासून मी जे काही केलं ते त्या प्रश्नाला उत्तर म्हणून केलं. सांगलीला एका वाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले. तिथं मी एकटी बाई, आणि माझ्या आधी माझी गोष्ट तिथं पोचलेली. पहिली दोन वर्षं मला पाठीमागे ‘ढिला बोल्ट’ म्हणायचे. माझ्या हातून गेलेली गाडी परत येत नाही, एवढं त्यांनी बघितलं, मग ते नाव आपोआप बंद झालं. तुम्हाला हे कधी कळलं का? सणाला घरी आले की तुम्ही मला रस्त्याचं विचारायचा, पावसाचं विचारायचा. कामाचं एकदाही विचारलं नाहीत.

मग तुमचं शेवटचं आजारपण. तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि कॉटखालून एक पत्र्याचा डबा काढायला लावलात. आत ऑइल प्रेशर मोजायचं मीटर होतं. काच थोडी पिवळी पडलेली, नळी दोनदा बदललेली, पितळेचे जोड घासून घासून गुळगुळीत झालेले. वापरलेलं मीटर, अण्णा. चांगलं वीस-पंचवीस वर्षं वापरलेलं. मी ते हातात घेऊन तुमच्याकडे बघत राहिले आणि तुम्ही भिंतीकडे. दुपारी जेवायच्या वेळी गॅरेज बंद करून तुम्ही एकटेच आत राहायचा, ते कशाला हे मला त्या दिवशी कळलं. आधी एकट्यानं मीटर लावून बघायचं, आणि नंतर लोकांसमोर पेचकस कानाला लावायचा. त्या एका जीपला तेवढं मीटर लावलं नाहीत, कारण आधी मी ते म्हणाले होते. ‘‘ऱ्हाऊ दे तुला,’’ एवढंच तुम्ही बोललात. आई आजही म्हणते की ती त्यांची माफी होती, त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं मागता आली नाही. मी ती तशी घेत नाही. दहा माणसांसमोर घेतलेलं नाव कॉटवर पडून, दार लावून परत देता येत नाही. मीटर मी घेतलं, कारण ते चांगलं होतं.

तुमच्यानंतर मी गॅरेज चालवायला घेतलं, त्याच जागेत. पेचकस आता स्क्रू फिरवायलाच लागतो. कुठलीही गाडी असो, गिऱ्हाइकाला मी मीटरसमोर उभं करते आणि काटा त्याचा त्याला वाचायला लावते. दिव्याची वायर काढून दे म्हणणारे पुष्कळ येतात. त्यांना मी सरळ दुसरं गॅरेज दाखवते. पेठेतले जुने लोक म्हणतात, अण्णांना असलं काय लागत नव्हतं. मी म्हणते, लागत होतं. त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

आता ती मलकापूरकडची जीप. मालक पन्नाशीचा, वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला पोचवणारा. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातून, ऑइल गळत होतं. ती गळती मीच काढून दिली होती, त्या ओळखीवर तो पुन्हा आला. म्हणाला, घाट चढताना दिवा लागतो, मध्येच विझतो, परत लागतो, आणि दोन मिस्त्रींनी सांगितलंय की इंजिन दमलंय, पूर्ण बांधायला लागेल. तेवढं करण्यापेक्षा जीप भंगारात घालून दुधाची फेरी सोडून द्यावी, असं त्याच्या घरात चाललं होतं. मी ऑइल बघितलं, पातळी बरोबर होती आणि ऑइल नवं होतं. स्विच बदलला, तरी दिवा तसाच. मग स्विचच्या जागी तुमचं मीटर लावलं आणि गाडी चांगली तापू दिली. इंजिन दमलेलं असलं तर स्लोवर प्रेशर पडतं आणि रेस दिली की वर येतं, हे तुम्हीच मला शिकवलंत, ते मी नाकारत नाही. इथं उलटंच चाललं होतं. स्लोवर काटा ठीक. रेस धरून ठेवली की आधी चढायचा, मग थरथरत खाली यायचा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा चालू केलं, तर काही झालंच नाही अशा थाटात काटा जागेवर. प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह काढून धुतला, तो सुटाच होता, अडकलेला नव्हता. म्हणजे ऑइल वर चढवणारा पंप ठीक असावा, पण त्याला ऑइलच पुरत नसावं. पंपाच्या तोंडावर जी जाळी असते तिला खालून काहीतरी येऊन चिकटत होतं, आणि इंजिन बंद केलं की ते सुटून तळाला बसत होतं.

मालकाला चहा प्यायला पाठवलं आणि चेंबर खाली घेतला. जाळी अर्ध्याहून जास्त बंद होती. सिलिकॉनचे तुकडे, नखाएवढे, काही लांब, शेवयांसारखे. चेंबर बसवताना कडेनं पेस्ट लावतात, ती जास्त झाली की आतल्या बाजूला फुगून येते, सुकते आणि तुटून ऑइलमध्ये पडते. इकडच्या गॅरेजांतून सगळीकडे लाल पेस्ट वापरतात. करडी पेस्ट मी एकटी बाहेरून मागवते. हे तुकडे करडे होते. त्या गळतीच्या वेळी, पुन्हा गळू नये म्हणून, पेस्ट लावताना मी हात सैल सोडला होता. आठ महिने तो माणूस माझ्या पेस्टीवर घाट चढत-उतरत होता.

तो चहा पिऊन आला. समोरच्या दुकानाचा मालक होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी तळहातावर ते तुकडे धरून त्याला दाखवले आणि म्हणाले, ‘‘इंजिनाला काही झालेलं नाही. ही पेस्ट माझी आहे, मी जास्त लावली होती. चूक माझी आहे.’’

त्याला आधी कळलंच नाही. ‘‘म्हंजे तुमच्याच हातनं?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणाले.

‘‘मग आठ म्हैनं मी त्या घाटात मरायला हिंडत हुतो व्हय, ताई?’’

दोन बेअरिंगा उघडून त्याच्या देखत बघितल्या, बारीक ओरखडे होते, पण धोका नव्हता. जाळी धुतली, चेंबर नवं गॅस्केट घालून बसवला, पेस्ट चार कोपऱ्यांना टिकलीएवढी. मग त्याला शेजारी बसवून शिये फाट्यापर्यंत जाऊन आले, मीटर त्याच्या मांडीवर. काटा हलला नाही. तो घरी निघाला तेव्हा ‘येतो’ म्हणाला नाही. महिना झाला, तो फिरकलेला नाही, आणि त्याच्या भावाचा टेम्पो दर पावसाळ्याआधी माझ्याकडे यायचा, तोही यंदा आलेला नाही. समोरचा दुकानवाला म्हणाला, कशाला एवढं सांगायला गेलात, गाडी जुनी, खपून गेलं असतं. ते मलाही माहीत होतं. दोघा मिस्त्रींनी तर आधीच सांगून ठेवलं होतं, मी मान हलवली असती तरी पुरलं असतं.

नाव गेलं असेल तर गेलं, अण्णा. माझं होतं, मी घालवलं. तुम्ही तुमचं राखायला माझं वापरलंत, आणि त्यातून जे राखलंत ते तुमच्याबरोबर गेलं. पेठेत तुमचा कान अजून सांगतात खरा, पण त्या गोष्टीत मी कुठंच नाही, आणि मला त्यात जागा नकोय. तुम्ही चांगले मिस्त्री होता. त्या दिवशी तुम्ही भित्रे होता. ही दोन्ही वाक्यं मी शेजारी शेजारी लिहिते आणि एकासाठी दुसरं खोडत नाही. हा कागद आईला दाखवायचा नाही, ती वाचून पुन्हा तुमचीच बाजू घेईल. पार्ट्सच्या जुन्या कॅटलॉगमध्ये ठेवून देते.

एक गोष्ट मात्र वर गाळली. तो चहा पिऊन आला तेव्हा ते तुकडे माझ्या तळहातावर नव्हते. ते फडक्यात गुंडाळून मी खिशात टाकले होते, जाळीही पुसून ठेवली होती, आणि ‘इंजिन दमलंय’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्यानं आत येऊन, स्टूल ओढून, बसून, ‘काय निघालं?’ असं विचारलं, तरी मी गप्पच होते. मग मी खिशात हात घातला. त्यानं विचारलंच नसतं तर घातला असता की नाही, हे मला सांगता येत नाही.