पुडी कोणाची?

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजून घे). तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला हटला का? मी दिलेलं औषध ते बाटली न हलवताच घेत असणार, म्हणजे वरचं पाणी त्यांच्या पोटात आणि तळचा गुण मोरीत. त्यांना सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे, तरी सांग. पोटातली जळजळ सोडली तर माझी तब्येत शनिवारी रात्री साडेनऊपर्यंत उत्तम होती.

तुझं पत्र मिळालं. तुझी पोरगी दोन वर्षं ‘मिक्सिंग विभागात आहे’ म्हणते, आपण औषध कंपनी समजून चालतो, आणि आता शेजारणीचा जावई सांगतो की त्याने तिला रंगीत दिव्यांखाली दारूच्या बाटल्यांमागे पाहिलं. तेव्हा मी तिला न दिसता बघून यावं, काय काम करते ते एका शब्दात कळवावं, आणि तसलं काही असेल तर तू रविवारी येऊन तिला सामानासकट घरी नेणार. ताई, तू बोललेलं करून दाखवतेस. माझं लग्नही तू असंच करून दाखवलंस. त्यामुळे पत्र वाचल्यापासून माझ्या पोटात जळजळ सुरू झाली ती थांबेना. पोरीचं अख्खं बस्तान माझ्या एका शब्दावर उठणार होतं, आणि पोरगी कोण, तर आपली पुडी. (हे नाव माझंच. सुट्टीत दवाखान्यात माझ्या टेबलाखाली बसून कागदाच्या रिकाम्या पुड्या बांधायची. तीन घड्या आणि कोपरा आत, ही माझी खास घडी. एकतीस वर्षांच्या कंपाउंडरीत ती मी दुसऱ्या कोणाला शिकवली नाही.)

शनिवारी रात्री जावयाने सांगितलेल्या पत्त्यावर गेलो. ती जागा तळघरात आहे. दारावर एक धिप्पाड रखवालदार होता. त्याने विचारलं, “काका, कोणाकडे आलात?” मी म्हटलं, कोणाकडे नाही, मी इथे कोणालाच ओळखत नाही. तुझं ‘न दिसता’ डोक्यात होतं ना! त्याने मला दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. (मी लग्नाचा कोट घातला होता. त्याचं बटण आता लागत नाही.) आत ढोलाचा आवाज असा की तो कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतो. अंधारात माणसं नाचत होती आणि प्रत्येक जण माझ्याच पायावर नाचत होता. मी खांबाआडच्या उंच स्टुलावर कसाबसा चढलो, एका पोऱ्याएवढी उंची त्या स्टुलाला, आणि वाढणाऱ्या बाईकडे लिंबू-सोडा मागितला.

मग ती दिसली. लांबलचक फळीमागे, काळ्या सदऱ्यात, केस घट्ट बांधलेले. जावयाचं खरं होतं. पण काय सांगू, दुसऱ्याच क्षणी मी तिचे हात बघत बसलो. बाटलीतून ओतताना लेबल तळहाताकडे, म्हणजे ओघळ लेबलावर येत नाही. मापात ओतून मगच भांड्यात. शेजारचा एक दाढीवाला मापाशिवाय धार सोडत होता (त्याला मी दवाखान्यात अर्धा तासही ठेवला नसता), पण पुडी थेंब मोजत होती. आणि देण्याआधी प्रत्येक ग्लास उजेडाला धरून बघत होती, गाळ आहे का, केस आहे का. हे तिला कोणी शिकवलं ते मला ठाऊक होतं. अभिमान वाटावा की रडावं हे कळेना, आणि जळजळ गळ्यापर्यंत आली.

तेव्हा मी खिशातली पित्ताची पुडी काढली आणि अंधारात माझ्या ग्लासात रिकामी केली. फक्त तो ग्लास माझा नव्हता. शेजारी एक बाई बसल्या होत्या (दातांच्या डॉक्टर, हे नंतर कळलं), त्यांच्याही पेयात लिंबाची चकती होती. खाण्याचा सोडा लिंबात पडल्यावर काय होतं हे मी तुला सांगायला नको. ग्लास फसफसून फळीभर वाहिला, बाई किंचाळल्या, आणि माझं मनगट त्या रखवालदाराच्या मुठीत गेलं. एक म्हातारा एकट्या बाईच्या ग्लासात पांढरी पूड टाकतो, तर त्याने दुसरं काय समजायचं? व्यवस्थापक फोन हातात घेऊनच आला. पोलिसांना बोलावण्याआधी त्याने एकच विचारलं, इथे तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का?

ताई, पुडी दहा हातांवर उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, नाही. तिची नोकरी जाईल म्हणून म्हटलं असं मी स्वतःला सांगतो. पण खरं म्हणजे मला लाज वाटली, त्या जागेची आणि तिची, आणि आता त्या लाजेची वाटते.

मग मी हातातला कागद हलवून ओरडलो, अहो पुडी आहे, साधी पुडी! (‘आणखी पुड्या कुठे आहेत?’ असं रखवालदाराने विचारलं. या शब्दाला आता काय अर्थ आलाय हे मला तेव्हा समजलं.) आणि ती फळीखालून वाकून बाहेर आली. तिला वाटलं, मी तिलाच हाक मारली.

तिने कागद घेतला, घडी पाहिली, घडी पुन्हा घालून दाखवली. उरलेला ग्लास उजेडाला धरला, वास घेतला. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “हे माझे मामा आहेत. मी हे काम यांच्याकडूनच शिकले.” व्यवस्थापक काही बोलायच्या आत तिने तो ग्लास गटागटा रिकामा केला. कामावर असताना थेंब न घेणारी पोरगी! सगळे तिच्याकडे बघत राहिले. मीही, औषध माझंच असून. मग तिने एक ढेकर दिला, असा खणखणीत की ढोल क्षणभर लाजला. दातांच्या डॉक्टरबाई आधी हसल्या आणि मग हळूहळू माझं मनगट सुटलं.

पहाटे तिने मला घरी सोडलं. वाटेत म्हणाली, “मामा, तू हाक मारलीस म्हणून बरं झालं.” मी ‘हो’ म्हटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. तू एका शब्दात मागितलं होतंस. कंपाउंडर.

ता. क. २. हे पत्र तिला वाचायला दिलं. मी ओळख नाकारल्याची ओळ खोडू का, विचारलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, राहू दे, मीपण दोन वर्षं आईला खरं कुठे सांगितलं.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. माझं जुनं काचेचं माप तुझ्या कपाटात आहे, ज्यात तू पेनं ठेवतेस. ते पुडीला हवंय. टपालाने पाठवू नकोस, फुटेल. येत्या रविवारी तू येणारच आहेस, तर स्वतः घेऊन ये, सामान न्यायची रिकामी पेटी मात्र घरीच ठेव. दारावर तो रखवालदार ‘कोणाकडे आलात?’ विचारेल. आत ढोल वाजत असतो, तेव्हा जरा मोठ्याने सांग.