स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब

कुरितिबा, ४ जून २०१८

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या फिलोमेनामावशींचा फोन आला. तू बाथरूममध्ये पडलीस, मनगट दुखावलं, आणि हे मला त्यांच्याकडून कळावं? अंधारात दिसलं नाही, एवढंच तू त्यांना सांगितलंस म्हणे. स्वयंपाकघरासारखाच बाबांनी लावलेला चाळीस वॉटचा पिवळा बल्ब अजून तिथेही लटकतोय, तर दुसरं काय होणार! मी दिवसभर दुकानात लोकांच्या बाथरूमला दिवे निवडून देतो आणि माझ्याच घरी ही गत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सोबत कॅटलॉग पाठवतोय. एक नंबरचा दुधी काचेचा गोल दिवा छताला. वाफ आत जात नाही. दोन नंबरचे आरशाच्या दोन्ही बाजूंना. एकच दिवा वरून असला की डोळ्यांखाली सावली पडते. निळसर पांढरा उजेड घेऊ नकोस, घराचा दवाखाना होतो. तू फक्त नंबर कळव. ओनोफ्रेकाका वायरमन येतील, पाणी तापवणाऱ्या विजेच्या शॉवरला वेगळी जाड वायर टाकतील आणि घरभर एलईडी लावून जातील. दोन दिवसांचं काम.

मनगटाला जप. रागावलोय, पण माया तेवढीच आहे.
तुझा,
एवाल्दो


साओ जोआव देल रेइ, १३ जून

चि. एवाल्दो यास,
अ. उ. आ.

मनगट बरं आहे. फिलोमेना राईचा पर्वत करते, हे तुला ठाऊक आहेच. तरी तिच्यामुळे तुझं पानभर पत्र आलं. तीन वर्षांत एवढं मोठं पहिलंच. फोनवर तर तू मोठ्याने ओरडतोस, मला निम्मं ऐकू येत नाही, आणि दोघंही हो हो म्हणून ठेवून देतो.

कॅटलॉग चष्मा लावून पाहिला. दोन नंबरचे दिवे नाटकातल्या नटीच्या खोलीत शोभतील. एकाहत्तर वर्षांच्या बाईला आरशात इतकं स्वच्छ दिसून काय करायचंय? एक नंबर बरा वाटतो, पण त्यात किडे जाऊन बसतील. अजून एखादा कॅटलॉग असला तर पाठव. ओनोफ्रे आला होता. त्याला म्हटलं, सेंट जॉनचा सण होऊ दे, मग बघू.

इथे जूनची थंडी पडली आहे. तू बनियन घालतोस ना? आठवण ठेव, मला तेवढं पुरे.
तुझी आई,
झुल्मिरा


कुरितिबा, २७ जून

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

दुधी काचेत किडे जात नाहीत, गेल्या खेपेलाच लिहिलं होतं की वाफसुद्धा आत जात नाही. सणही झाला. काल ओनोफ्रेकाकांचा फोन आला. म्हणाले, तुझी आई झाडू घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बाथरूममध्ये काय हवं ते कर म्हणाली, पण शॉवरच्या वायरला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या बल्बला हात लावायचा नाही. असले खुळे पिवळे बल्ब आता बाजारात मिळतही नाहीत, असं ते म्हणाले, तर तू त्यांनाच खुळा म्हणालीस.

आई, ती वायर चाळीस वर्षांची आहे, तापते. मला डिसेंबरपर्यंत सुट्टी नाही, नाहीतर मीच आलो असतो. तू दिव्याचं निमित्त करते आहेस. खरं काय आहे ते लिही. मी चिडणार नाही.
काळजीत असलेला,
एवाल्दो


साओ जोआव देल रेइ, ३ जुलै

चि. एवाल्दो यास,
अ. उ. आ.

मी अंधारामुळे पडले नाही. फिलोमेनाशी खोटं बोलले.

तुझे बाबा कथलाच्या कारखान्यातून पाचला यायचे आणि सरळ आंघोळीला जायचे. विजेचा शॉवर सुरू झाला की स्वयंपाकघरातला बल्ब एकदम मंदावायचा. थंडीत शॉवरची कळ हिवाळ्यावर, म्हणजे जास्त गरम पाण्यावर असली की जास्तच. बल्ब मंदावला की मी आधण ठेवायची, पुन्हा उजळला की फडक्यातून कॉफी गाळायची. ते टॉवेल खांद्यावर टाकून येईपर्यंत कप भरलेला असायचा. सदतीस वर्षं मी त्यासाठी घड्याळ पाहिलं नाही. तू घरी होतास तेव्हा तर बल्ब दिवसातून तीनदा खाली जायचा आणि अर्धी नदी संपवतोस म्हणून मी तुझ्या नावाने ओरडायची.

ते गेल्यापासून बल्ब एकसारखा जळतो. मी आंघोळीला गेले की मंदावत असेलही, पण तो बघायला स्वयंपाकघरात कोण आहे? संध्याकाळी घर खायला उठतं रे. म्हणून मे महिन्यापासून कधीकधी पाचला मी रिकामा शॉवर सोडते आणि स्वयंपाकघरात येऊन बसते. बल्ब मंदावतो. पाच मिनिटं वाटतं, आत कोणीतरी आहे. त्या दिवशी बंद करायला गेले, फरशी ओली होती, घसरले. ओट्यावर दोन कप काढले होते, तेही सांगून टाकते.

जाड वायर टाकली की बल्ब मंदावणार नाही, असं ओनोफ्रे म्हणाला. एक नंबरचा दिवा चांगला आहे. पण ती वायर राहू दे. हसायचं तर हस, पण फिलोमेनाला सांगू नकोस.
आई


कुरितिबा, ११ जुलै

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

हसलो नाही. पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाईक उभं असताना मागच्या खोलीत जाऊन बसलो.

वायर बदलावी लागेल, आई. तापलेल्या वायरीवर मी तुला राहू देणार नाही. पण ती ओनोफ्रेकाका नाही बदलणार, मी बदलेन. मालकाकडून आठ दिवस मागून घेतले आहेत. एक नंबरचा दिवा आणि त्यात घालायला मऊ उजेडाचा बल्ब सोबत आणतोय. दर महिन्याला येईन असं लिहीत नाही. माझी आजवरची वचनं तुला पाठ आहेत.

वायरीचं काम रविवारी. शनिवारी, २१ तारखेला, दुपारच्या बसने पोहोचेन आणि आधी जुन्याच वायरीवर आंघोळ करेन, कळ हिवाळ्यावर ठेवून. तोवर तू रिकामा शॉवर सोडू नकोस. पाचला स्वयंपाकघरात बस. बल्ब मंदावला की उठून बघायला येऊ नकोस, आत मी असेन. दोन कप काढ.
तुझा,
एवाल्दो