दिसेल त्याला चिकटणारी अँटिबॉडी

ता. ४

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती रडते आणि तुला काही कळत नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं लिहून कळवते.

पेशीनं एकीच्या दोन कधी व्हायचं हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. त्यातलं एक ‘थांब’ म्हणणारं. ते पेशीत आहे का, हे ओळखणारी अँटिबॉडी मी तीन वर्षं खपून बनवली. ती फक्त त्यालाच चिकटते आणि पांढऱ्या पट्टीवर काळी रेघ उमटते. ज्या पेशींत ते प्रथिन मुळातच नाही, तिथली जागा कोरी राहायला हवी. महिन्यापूर्वीपर्यंत राहत होती. आता अख्खी पट्टी काळीकुट्ट येते.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणाल्या की तुझी अँटिबॉडी बिघडली, नाहीतर तुझा हात. महिनाअखेरच्या बैठकीत कोरी जागा कोरी दिसली नाही, तर ती फेकायची आणि बाजारातून दुसरी आणायची. माझी तीन वर्षं मोरीत!

मी पाणी बदललं, क्षार बदलले, हातमोजेसुद्धा बदलले. राहिलं फक्त दूध. पट्टी आधी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवतो, म्हणजे मोकळ्या जागा झाकल्या जातात आणि अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. पण डबा नेहमीचाच आहे, त्यात काय बघायचं?

काकांना नमस्कार. लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.

तुझी,
भिंगरी

ता. ९

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, दिसेल त्याला चिकटते म्हणजे पोरीची अँटिबॉडी मावशीच्या वळणावर गेली. मी दुर्लक्ष केलं.

मला पेशींतलं ओ की ठो कळत नाही, पण दुधाच्या पावडरीतलं कळतं. आमच्या नव्या संसारात एकदा पाहुण्यांसमोर चहाची चक्क खळ झाली. चौकशीअंती निघालं ते असं, की तुझे काका पावडर कोरडीच चमच्याचमच्यानं खात आणि डबा उतरलेला दिसू नये म्हणून वरून मैदा घालत. तेव्हापासून मला एक कळलं. उंदीर खाऊन पळतो, माणूस खाऊन डबा भरून ठेवतो.

तर सांग, तुमचा डबा शेवटचा रिकामा कधी झाला? आणि तुमच्यात चहाबाज कोण?

रडायचंच असेल तर पट्टीवर रडू नकोस, आणखी बिघडेल. माया आहे तशीच आहे, पत्रात खंड पाडू नकोस.

तुझी मावशी

ता. १५

ती. स्व. मावशीस,
सा. न. आणि खरोखरचं लोटांगण.

मी रोज चमचे भरभरून घेते आणि डबा महिनाभर गळ्यापर्यंत भरलेलाच! हुंगला तर गोडसर वास. बैठकीच्या खोलीत फुकटच्या पुड्या असतात ना, चहात घालायच्या बिनदुधाच्या पावडरीच्या, कुणालाच न आवडणाऱ्या, तीच! तिच्यात दूध नाहीच, तर जागा झाकणार काय, कपाळ? मी नवा डबा आणला, स्वतःच्या खणात ठेवला, आणि कोरी जागा कोरी! मी खोलीभर गिरकी घेतली.

पण मोठ्या बाई पट्टी बघून एकदम तडकल्या. म्हणाल्या, एकदा जमलं तो योगायोग. आपल्या हाताचा दोष डब्याच्या माथी मारू नकोस. भेसळ असेल तर बैठकीत सिद्ध कर.

माझा संशय शेजारच्या टेबलावरच्या लंबूदादावर आहे. त्याचा चहा दिवसभर चालूच असतो. बाईंवर तर संशय घेणंच शक्य नाही. त्या कोरा चहा पितात आणि दूध किती वाईट यावर आम्हांला भाषणं देतात.

बैठक अठ्ठावीसला. काहीतरी सुचव गं. तू सुचवलंस की आशीर्वाद वेगळे नकोत.

तुझी,
भिंगरी

ता. २०

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चोर पकडायला पोलीस लागत नाहीत, मीठ लागतं. तसाच दिसणारा डबा आण, त्यात दुकानातली ताजी पावडर घाल आणि मूठभर मीठ मिसळ. मीठ घरातलं घे, तुमच्या कपाटातलं नको. आपल्याला चोर हवाय, प्रेत नको. मग सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांग की ताजं दूध आलंय. तुझ्या पट्ट्यांचं दूध मात्र तुझ्याच खणात ठेव.

बाईंवर संशय घेणं शक्य नाही म्हणतेस. काकाही माझ्यासमोर पावडरीला नाक मुरडत असत, एवढंच सांगते.

निकाल कळव, तोवर माझाही जीव टांगणीला आहे.

तुझी मावशी

ता. २९

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

मिठाचा डबा तू सांगितलास तसा ठेवला, आणि बैठक झाली. मी पट्ट्या दाखवायला उभी राहिले. लंबूदादा चहा ढोसत होता, अगदी सुखात! म्हणजे चोर तो नव्हेच! तेवढ्यात मोठ्या बाई आपल्या खोलीतून झाकणाचा कप घेऊन आल्या. झाकण काढलं, एक घोट घेतला, आणि डोळे मिटले, ओठ आत गेले. मी कपात डोकावले. चहा चांगला दुधाळ.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीकडे पाहिलं. लंबूदादानं काळजीनं विचारलं की चहा गार झाला का. त्या म्हणाल्या, उत्तम आहे. आणि मावशी, त्यांनी तो कप तळापर्यंत संपवला! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. मग घसा खाकरून म्हणाल्या की भेसळ सिद्ध झाली असं समजू. अँटिबॉडी चांगली आहे, ठेवायची. भेसळ कुणी केली, हे कुणीच विचारलं नाही.

आज सकाळी माझ्या टेबलावर दोन सीलबंद डबे होते. एकावर बाईंच्या अक्षरात ‘पट्टीसाठी’, दुसऱ्यावर ‘चहासाठी, बिनमिठाचं’. मी हसत सुटले आणि मग रडलेही. माझी तीन वर्षं वाचली गं. लंबूदादाला आपल्या हातानं चहा करून दिला. का, ते त्याला कळलं नाही.

लोभ पुरला, उरला, तरी वाढवत राहा.

तुझी,
भिंगरी

ता. ३

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शाब्बास! बाई मला आवडल्या. सगळ्यांसमोर असा कप संपवायला काळीज लागतं.

तुझं पत्र काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘बिनमिठाचं’ला ते इतके हसले की ठसका लागला, आणि माझ्या चष्म्यावर पांढरी भुकटी उडाली. आधी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. गळ्यापर्यंत भरलेला आहे.

लोभ तुझ्या अँटिबॉडीसारखा असू दे, आपल्याच माणसाला चिकटणारा. मीठ मिसळायचं आहे, म्हणून पत्र इथेच पुरे करते.

तुझी मावशी