स्विदर कुणाचा?

एडिंबरा, ३ ऑक्टोबर १९५३

चि. वॅटीस एफीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे, गुडघे सोडून. काल माझ्या इंग्लिश घरमालकिणीने विचारलं, तुम्ही सारखं 'स्विदर' म्हणता ते काय असतं. मी सांगितलं, होकार नाही, नकार नाही आणि जिवाला स्वस्थता नाही, त्याला आमच्याकडे स्विदर म्हणतात. नमुना हवा असेल तर माझा धाकटा भाऊ बघा. ती खूप हसली. मला काही हसू आलं नाही.

बेथिया दुकान विकून कॅनडाला भावाकडे निघालीय, असं लोहारीणबाईंनी लिहिलंय. खरं का रे? वर्षानुवर्षं दर रविवारी चर्चमधून तिला घरी पोचवतोस आणि फाटकातून मागे फिरतोस. मेंढा विकत घेताना तर कधी स्विदर करत नाहीस! विचारून टाक एकदाचं, नाहीतर मी तिला लिहीन.

रागावलास तरी लोभ ठेव.
तुझी,
एफीताई

यारो खोरं, ८ ऑक्टोबर

ती. एफीताईस सा. न. वि. वि.

पाऊस थांबत नाही, नदी चढलीय, कुत्रीला पिल्लं झालीत. लोहाराच्या भट्टीशी माझ्या स्विदरवर पैजा लागतात हे मला ठाऊक आहे. लागू देत. हसायला कुणीतरी लागतंच, मला चालतं.

कॅनडाचं खरं आहे. तिने पेटी माळ्यावरून खाली काढलीय. मी रोज तिकडे जायला निघतो आणि पुलावरून परत येतो. कशातच लक्ष लागत नाही. पण तिला काही लिहू नकोस, एवढं माझं ऐक.

आहे तशी माया असू दे.
तुझा,
वॅटी

वॅटीचं स्वयंपाकघर, १४ ऑक्टोबर

एफीताईंस स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वॅटी भित्रा आहे, तो कधीच विचारणार नाही, तू खुशाल कॅनडाला जा, असं तुम्ही लिहिलंत. ताई, त्याने मला केव्हाच विचारलंय. आमच्या फाटकातच, टोपी हातात घेऊन. स्विदर त्याचा नाही, माझा. सकाळी वाटायचं हो म्हणावं, दिवे लागले की वाटायचं दुकान सोडून त्या डोंगरावर कोण राहणार! लोक मला नावं ठेवतील म्हणून त्याने सगळं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

पण तुम्ही त्याला भित्रा म्हणालात आणि माझं डोकंच फिरलं. दुकान उघडं टाकून, वाटेत लोहाराच्या भट्टीशी थांबून सगळ्यांना खरं काय ते ऐकवून, चिखल तुडवत इथे आले. तो मेंढ्यांना आंघोळ घालत होता. मी धापा टाकत हो म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि म्हणाला की विचार करून सांगतो. आणि गेला की वर, मेंढ्यांमागे!

तेव्हापासून मी इथे येरझारा घालतेय. तीनदा चहा केला, एकदाही प्यायला नाही. खिडकीतून तो दिसतोय, मुद्दाम सावकाश चालतोय. ताई, मला फार भीती वाटतेय. त्याने इतकी वर्षं हे कसं काढलं असेल?

लोभ असावा. कोणत्या नात्याने, ते तो खाली आला की कळवते.

तुमची,
बेथिया