जिनातल्या कॅसेटीतला ढावलो

३ एप्रिल २००६, सोमवार

लग्न ठरलं नाही, नवरदेव पाहिला नाही, हळद कुटली नाही — आन् माह्या पोरीनं स्टेजवर उभं राहून ढावलो म्हटला! माइकात! गावभरच्या माणसापुढं! ढावलो काय गणपतीतलं गाणं आहे? पोरगी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणाची गोष्ट ती. जन्मात एकदा. आज विहिरीवर लालीबाई म्हणते, "रुपीबाई, तुह्या बबिताचा ढावलो झाला म्हणे दिग्रसच्या कापसाच्या जिनात. आमच्याकडे लाडू नाही आले." बाकीच्या बाया फिदीफिदी. मी म्हटलं, पाठवते, तोंड उघडं ठेव.

आन् त्याची कॅसेट निघाली म्हणे. म्हणजे आता ऑटोत वाजन, पानठेल्यावर वाजन.

हे सगळं देवीलालचं काम. माहा सख्खा भाऊ. त्याच्यासारखा नगारा या भागात कोणी वाजवत नाही, खोटं कायले बोलू. पण तो आमच्या तांड्याची होळीची लेंगी पार्टी सोडून गेला. अन्सार बेंजोवाला कव्वालीची पार्टी सोडून आला. ओम म्हणून यवतमाळचा एक आहे, तो ऑर्केस्ट्रा सोडून विजेची गिटार घेऊन आला. आन् चौथी बबिता, माह्या बायांच्या पार्टीतून. लोक त्यांले चौकडी म्हणतात. चार घरचे खांब उपटून एक मांडव घातला! मांडव चांगला दिसत असन. आन् चार घरं?

यंदा होळीले आमची लेंगी बिनमिठाची झाली. पुढं म्हणणारीच नाही.

४ एप्रिल

लाइन नाही. पाणी नाही. राग आहे.

६ एप्रिल

धावजीच्या पिशवीत कॅसेट सापडली. युरियाच्या रिकाम्या थैलीत गुंडाळून! नवरा माणूस, पन्नाशी उलटली, आन् लपवते काय तं कॅसेट. मी विचारलं, हे काय? म्हणते, "बापानं पोरीचा आवाज घरी आणाचा नाही काय?" मी म्हटलं, आण. पण माह्या कानावर पडू देऊ नको.

बबिता मामासंगं घरातून गेली तेव्हा मी एवढंच बोललती — जा, पण मी ऐकाले येणार नाही. तिनं कार्यक्रमाच्या आधी दोनदा निरोप धाडला. नाही गेली. बोलली म्हणजे बोलली.

७ एप्रिल

धावजीनं गोठ्यात टेप लावला. बैलाले ऐकवते म्हणे! मी चुलीपाशी. कुडाची भिंत, आवाज काय थांबते? एक भाकर जळली.

आता लिहितेच. इथं कोण वाचाले बसलं आहे.

चांगलं आहे. लय चांगलं आहे! पहिल्या गाण्यात देवीलाल एकटाच नगारा वाजवते. हळूहळू, जसा कोणी दुरून येऊन राह्यला. मंग अन्सारचा बेंजो येते, टिणटिण, पाण्यावर ऊन पडल्यासारखा. मी म्हटलं आता ती विजेची गिटार सत्यानाश करन. नाही केला! ते पोरगं समजदार आहे. थांबते. देवीलालले पुढं जाऊ देते, मंग मागून असा एक लांब सूर ओढते का अंगावर काटा येते.

आन् लोक! कोणी शिट्ट्या मारून राह्यलं, कोणाचं लेकरू रडून राह्यलं, जनरेटर घर्रघर्र करते. एका गाण्यात काहीतरी कडाड मोडलं, बाक असन, आन् देवीलाल माइकात म्हणते, "सांभाळून बाप्पा, जिनवाला माह्या नावानं बिल फाडन!" सगळे हसले. मी बी हसली. मंग आठवलं का मी रागात आहे.

८ एप्रिल

जिनात जागा कशी भेटली, हे बी आज धावजीनं सांगतलं. दरसाल होळीच्या आगंमागं तिथं कापसाचे ढीग राहतात, गाड्यांची रांग सडकेपर्यंत. यंदा आवार झाडून घेतल्यासारखं. भाव नाही तं कोणी आदिलाबादले नेला, कोणी घरात दाबून ठेवला. आमचा कापूस बाजेखाली आहे, खाजवते लेकाचा रात्रंदिवस. तं जिनवाला म्हणाला, मशिनी बंदच आहेत, वाजवा तुम्ही.

वर पत्र्याचं शेड. म्हणून नगारा दोनदा ऐकू येते, एकदा हातातून, एकदा पत्र्यातून. घरच्या होळीत असा आवाज कधीच भेटला नाही.

९ एप्रिल, रविवार

आज दुसरी बाजू लावली. मीच लावली. धावजी वावरात गेलता.

कापूस वेचाचं एक गाणं आहे, आमचंच जुनं. त्याले त्यांनी असा धावता ठेका देला का हात आपोआप बोंडाकडे जाते. मंग शेवटी ढावलो.

वाद्य सगळे बंद. फक्त बबिता. आधी बापाले हाक मारली, मंग भावाले — भाऊ नाही तिले, तरी मारली, तशी रीतच आहे. आन् मंग याडीले.

ही माही पोरगी आहे? चुलीपाशी नाकात गुणगुणणारी? तिनं याडी म्हटलं आन् तो सूर असा वर नेला, वर नेला, आन् तिथंच सोडला. उघडा.

त्याच्यापुढं काहीच नाही. कॅसेट मुकी. मंग एकदम टाळ्या. शहरातल्या लोकांले काय मालूम, याडी म्हणजे आई, आन् पोरगी तिथं थांबली ते आईच्या उत्तरासाठी थांबली! आमच्यात ढावल्यात जिले हाक मारली तिनं पुढं व्हाचं, पोरीले धराचं, बोलाचं. त्याच्याशिवाय पोरीनं पुढची ओळ म्हणाची नाही. उत्तर नाही म्हणजे पोरीले माहेर नाही.

तिले मालूम होतं मी आलती नाही. तरी तिनं जागा सोडली.

१० एप्रिल

मागं करून करून ऐकलं. सेल संपले. धावजीले म्हटलं, बॅटरीतले काढून दे. तो म्हणते, "मंग अंधारात मी कसा जाऊ?" मी म्हटलं, चाचपडत.

१२ एप्रिल

दिग्रसले गेली. कॅसेट भरणारा अय्याज आहे, बस स्टँडमागं दुकान. जाऊनच त्याले झापलं — एवढा ढावलो, आन् मधात मुक्यासारखी जागा काहून ठेवली? लोकांले वाटते गाणं संपलं!

तो म्हणते, "मावशी, ती जागा मी केली. तिथं खालून एक बाई मधातच बोलली. नॉइज होता. साफ केला. पुढचं कॅसेटीत मावत नव्हतं, तं सरळ टाळ्या जोडल्या."

मी म्हटलं, कोण बाई? काय बोलली?

त्यानं मूळची टेप लावली. बबिता याडी म्हणते. थांबते. पुन्हा म्हणते, आता आवाज थोडा हललेला — हे दुसऱ्यांदा म्हटलेलं बी त्यानं कापलं होतं! आन् मंग खालून एक बाई, जोरात, फाटक्या आवाजात —

"हौ बेटा! मैं हूँ इधर! गा तू, गा!"

आन् बबिता पुढची ओळ म्हणते! पुरा ढावलो म्हणते! कोणी हुंदका देऊन राह्यलं. मंग टाळ्या.

मी स्टुलावर बसली. अय्याज म्हणे, "पाणी देऊ काय मावशी?" मी म्हटलं, नाव दे.

"अन्सारभाईची घरवाली. अकीला भाभी."

१३ एप्रिल

आमच्या तांड्यात रीत आहे. आई मेलेल्या पोरीच्या ढावल्याले जी बाई उत्तर देते, ती तिची धरमाची याडी. लग्नात पहिलं लुगडं तिचं. पोरीले वाटेला लावणारी ती.

मी काय मेली आहे?

१५ एप्रिल

अकीलाच्या घरी गेली. भांडालेच गेली, कायले लपवू. जाताना एसटीत सगळं ठरवलं, काय काय बोलाचं.

ती मशिनीवर ब्लाउज शिवत होती. माह्याच वयाची, अंगानं वाळलेली, आवाज मात्र भोंग्यासारखा. मी म्हटलं, मी बबिताची आई. ती उठून उभी राह्यली. म्हणते, "आओ, बैठो. मैं कबसे बोल रही इनको, लड़की की अम्मा कैसी होंगी."

मी म्हटलं, तुम्ही ढावल्याले उत्तर देलं, त्याचा अर्थ मालूम आहे काय?

"मेरे को क्या मालूम बाई तुमारा रिवाज! याडी माने माँ, इत्ता तो मालूम. लड़की ने माँ को पुकारा. कोई बोलाच नई. फिर पुकारा, तो उसका गला ऐसा..." आन् तिनं आपला गळा धरून दाखवला. "मैं चाय की केटली ले के खड़ी थी. मेरे से रहा नई गया. ये तो घर आ के चिल्लाए मेरे पे, बोले गाना खराब कर दी तू!"

मी म्हटलं, खराब नाही झालं. पहिल्यांदा पुरं झालं.

हे मी बोलली! भांडाले गेलेली बाई!

मंग ती मले सरळ विचारते, "तुम काहे को नई आए?"

मी म्हटलं, गुडघा दुखत होता.

"झूठ."

तोंडावर! माह्या आजवरच्या जन्मात मले असं तोंडावर कोणी म्हटलं नाही, धावजीनं तं नाहीच. राग याले पाहिजे होता. आला नाही. चहा चांगला केलता तिनं. निघताना तिनं माह्या पोलक्याची उसवलेली बाही तिथंच शिवून देली, अंगावरच, सुई टोचू न देता.

१६ एप्रिल

अय्याजले पुन्हा निरोप. नवीन कॅसेटी भरशीन त्यात अकीलाचा आवाज पाहिजे. त्याचं उत्तर आलं, "मावशी, आवाज फाटून राह्यला तिचा." फाटू दे! त्या कॅसेटीत देवीलालचा नगारा आहे, ओमची गिटार आहे, सगळे एकापेक्षा एक. पण त्या टायमाले खरं गाणारी ती एकटीच होती.

१९ एप्रिल

देवीलाल आला. होळीपासून पहिल्यांदा. दारातच उभा, चप्पल काढू का नको काढू.

मी म्हटलं, ये, मारत नाही.

बसला. म्हणे, अय्याजनं सांगतलं, कॅसेट दुरुस्त करतो. मंग म्हणे, "तीस तारखेले पुसदले कार्यक्रम आहे, बाई. दुसरी कॅसेट तिथंच भरणार, लोकांसमोर." मी म्हटलं, नगारा जरा कमी बडवजो, दुसऱ्या गाण्यात पोरीच्या आवाजावर चढला तू. तो पाहतच राह्यला. "तू ऐकलं?" मी म्हटलं, बैलानं ऐकलं, त्यानं सांगतलं.

हसला. पण मंग मान खाली.

"ढावलो काढून टाकला आम्ही. बबिता म्हणत नाही आता."

काहून?

"म्हणते, ढावलो एकदाच असते. माहा झाला. हाक मारली, उत्तर भेटलं, मी निघाली. आता लग्नात बी म्हणणार नाही." मंग म्हणे, "तुह्यावर राग नाही तिचा. राग असता तं बरं होतं."

हळदीची वाटी लागत नाही, मांडव लागत नाही. माही पोरगी माह्या घरातून निघून गेली, रीतीनं, पुरी. आन् मी इथं भाकरी भाजत होती.

२० एप्रिल

आज गोठा दोनदा सारवला. धावजी घाबरला.

२२ एप्रिल

कॅसेट पुन्हा ऐकली, पहिल्या गाण्यापासून. चौघंही आपापल्या घरी होते तवा इतके चांगले नव्हते. हे मी विहिरीवर कोणाले सांगणार नाही, पण खरं आहे. देवीलाल आमच्यात होता तं नुसता जोर होता, आता थांबणं शिकला. अन्सार कव्वालीत पाठीमागंच बसे. आन् बबिता माह्यामागं म्हणे, माह्या आवाजाखाली दबून. मी तिले वर जाऊच देलं नाही का काय. माह्यापेक्षा चांगली म्हणते ती. बरीच चांगली.

आता मी काय करू? तिनं हाक माराची नाही म्हटलं. ठीक. तिची हाक झाली.

माही कुठं झाली?

२४ एप्रिल, सोमवार

एसटीडीवरून देवीलालच्या मोबाइलवर फोन लावला. पोरीनंच उचलला. हॅलो बिलो नाही, मी सरळ बोलली — तू नको म्हणू ढावलो. मी म्हणते. पुसदले, स्टेजवर, माइकात. आईनं पोरीले म्हणाचा, असं कधी झालं नाही, मले मालूम आहे, लालीबाईले बी मालूम आहे, हसू दे तिले. नगारा नको, गिटार नको. तू खाली बायांत उभी राह्य, अकीलाच्या बाजूले. मी बेटी म्हणून हाक मारीन आन् थांबीन. उत्तर देशीन का नाही? आत्ता नको बोलू. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत सांग.