एकोणतीसचे ३९

मंगळवार, संध्याकाळ. अंबरनाथ

आज तिसऱ्यांदा शाळेत जाऊन आले. मागणी तीच. सई दुसरीतच बसू दे, फक्त गणित चौथीचं द्या. बाईंनी अंकांच्या श्रुतलेखनाची वही पुढे सरकवली. "बघा, एकोणतीस सांगितलं तर ३९ लिहिलंय. तुम्ही म्हणता हुशार आहे."

मी वही जवळ ओढली. ही चूक सगळ्याच पोरांची होते, शेवटी 'तीस' ऐकलं की हात तीनकडेच जातो. पण सईची? चार वर्षांची असताना एमआयडीसीच्या नाक्यावर उभी राहून रिक्षांचे नंबर उलटे म्हणायची ती!

आणि ते ३९ तिच्या अक्षरातलं वाटेना. तीनचा आकडा कलंडलेला, तिच्या बाकावरची आर्या काढते तसा.

घरी येऊन विचारलं. "आई, एकोणतीस सगळ्यांचंच चुकतं," ती डबा धुताधुता म्हणाली. "माझं पण चुकलं की बाई माझ्याकडे बघत नाहीत."

"कधीपासून करतेस हे?"

"दिवाळीपासून."

दिवाळीपासूनच बाई म्हणतायत, पोरगी आता वर्गात छान रुळली. आणि मी मूर्खासारखी खूश!

राहवलं नाही. विचारलं, "घरी पण मुद्दाम चुकतेस का गं?"

ती थांबली. वर बघितलं, ओठ चावला. उत्तर न येणारी मुलं थांबतात, अगदी तशी आणि तेवढाच वेळ.

मग म्हणाली, "नाही."