पालकाचा धंदा

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
डोंबिवलीच्या मानपाड्याहून त्र्यंबकदादाचा फोन. माझा हा चुलतभाऊ पुढच्या महिन्यात एक्याऐंशीचा होतो, १२ डिसेंबरला त्याचं सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी त्याला आमच्या आजोबांविषयी दोन शब्द बोलायचेत. पण आजोबा, म्हणजे कुंडलिक, पोटापाण्याला काय करत होते हे कुणालाच ठाऊक नाही. दादाचे वडील, उत्तमकाका, विषय निघाला की पानावरून उठायचे. दादाने आता काकांच्या शाळेच्या रजिस्टरची झेरॉक्स मिळवली आहे, सन १९१९. सगळं मोडीत. मी म्हटलं, मोडी मला येते, पाठव. ७४ साली कॉलेजात सर्टिफिकेट कोर्स केला होता. (परीक्षेला बसले नव्हते. लग्न ठरलं होतं.)
एका शब्दाचं काम. अर्धा तास.

४ नोव्हेंबर
दादाची सून मेघना वागळे इस्टेटला ऑफिसला जाता जाता झेरॉक्स देऊन गेली. म्हणाली, आत्या, बाबा रोज विचारतात, कांता कधी येणार. सून वाईट नाही, पण बोलण्यात टोचणी असते. मी वर्षभर गेलेले नाही हे खरं. ठाण्याहून मानपाडा काही जवळ नाही.
झेरॉक्स पाहिली. वरचे छापील रकाने स्वच्छ: मुलाचं नाव, पालकाचं नाव, पालकाचा धंदा, शेरा. खाली नुसता दोऱ्याचा गुंता. काकांच्या ओळीवर शाळेतल्या कारकुनाने पेन्सिलीची खूण केली आहे. एकही अक्षर लागलं नाही. दोष झेरॉक्सचा. मी तेहतीस वर्षं शाळेत मुलांची अक्षरं सुधारली, असं कुणी लिहिलं असतं तर दहा वेळा लिहून घेतलं असतं.
उद्यापासून रोज पहाटे एक तास.

९ नोव्हेंबर
कोर्सची वही सापडली. चार पानं मोडी, पुढे स्वेटरचे टाके. चार पानांत क ते ञ. उरलेली अक्षरं तर्काने लावता येतील.
पहाटेचा तास: अजून नाही. आधी साहित्याची जमवाजमव व्हायला हवी.

१४ नोव्हेंबर
दादाचा फोन. कुठवर आलं. मी म्हटलं, वळण फार जुनं आहे, घाई केली तर चूक होईल. तो म्हणाला, कांते, निदान पहिलं अक्षर सांग. मी म्हटलं, व.
का म्हटलं कोण जाणे. पण व नाहीच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

१७ नोव्हेंबर
पद्धत सापडली. पानावर चाळीस मुलं. धंद्याच्या रकान्यात सव्वीस ठिकाणी एकच आकृती, तेव्हा ती शेती. आमच्या ओळीत ती नाही. म्हणजे आजोबा शेतकरी नव्हते. निम्मं काम झालं.
मेघनाने फोनवर एक शंका काढली. आपण मूळचे जुन्नरकडचे, मग काकांची शाळा आंबिवलीजवळची कशी? मी म्हटलं, आजोबांची बदली झाली असेल. ती म्हणाली, कशातून बदली, तेच तर शोधतोय ना आपण? हल्ली मुली ऐकून घेत नाहीत.

२१ नोव्हेंबर
वैद्य.
व ने सुरू होणारे धंदे मांडले: वकील, वाणी, वैद्य, विणकर. वकील असते तर पत्र्याचं घर नसतं. वाणी असते तर उधारीवरून तरी नाव निघालं असतं. विणकरांचं आमच्याकडे काही नाही. राहिले वैद्य. शास्त्रशुद्ध वजाबाकी.
दादाला कळवलं. तो म्हणाला, तरीच बाबांना हात लावून ताप किती ते कळायचं. नंतर नुसतं हूं हूं करत राहिला. रडत असावा.
नंतर एकदा पडताळून घ्यायचं.

२७ नोव्हेंबर
घरच्या ग्रुपवर धुमाकूळ. पुतण्या सुशांत म्हणतो, आपल्या सान्वीला आयुर्वेदाला घालतो, रक्तातच आहे. रतनवहिनींना एकदम आठवलं की सासूबाई काढा फार छान करायच्या. आमंत्रणपत्रिकेवर "वैद्यराज कुंडलिक यांचे नातू" असं छापून आलं. वैद्यराज मी म्हटलं नव्हतं. ही भर त्यांची, माझ्यावर तिची जबाबदारी नाही.
जेवण गेलं नाही.

३ डिसेंबर
मनाची खात्री असावी एवढ्यासाठीच कल्याणला एका मोडीच्या वर्गात गेले. शिकवणारे साईनाथ सर, वय फार तर तीस. मी सांगितलं, माझा कोर्स झालेला आहे, फक्त दुजोरा हवाय. त्यांनी कागद हातात घेतला आणि चहा संपायच्या आत वाचला. धंदा: हमाली.
मी म्हटलं, आमचे आजोबा कुंडलिक हमाल? ते म्हणाले, नाही मॅडम, कुंडलिक कुठंय इथे? पालक म्हणून पंढरी लिहिलंय, नातं मामा. धंदा मामाचा आहे. शेवटी शेरा बघा: बाप परागंदा.
मी एक महिना एकाच रकान्याकडे बघत होते. शेजारचं नाव वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. आजोबा घर सोडून गेले होते. माझे वडील तेव्हा पाळण्यात.
सरांनी फी घेतली नाही. म्हणाले, पुढची बॅच जानेवारीत, पहिल्यापासून.

६ डिसेंबर
दादाला प्रत्यक्ष सांगायचं असा ठाम निश्चय. दुपारी तीनला डोंबिवली. रिक्षात बसले. मानपाडा रोडला ट्रॅफिक. इतक्या उशिरा म्हाताऱ्या माणसाला असं काही सांगणं बरोबर नाही. वाटेत उतरले, त्याच्यासाठी बाकरवडी घेतली आणि परत आले.
बाकरवडी मीच खाल्ली. मऊ पडली असती.

११ डिसेंबर
उद्या सकाळी आठला, कार्यक्रमाच्या आधी, फोन करायचा. दोन वाक्यं. पाठ केली आहेत.

१२ डिसेंबर, रात्री
आठला गुरुजी आले होते म्हणे. फोन मेघनाने घेतला. ती घाईत होती. मी म्हटलं, काही नाही, नारळ आणू का?
एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. मग दादा काठी टेकत उभा राहिला. म्हणाला, माझे आजोबा लोकांचे जीव वाचवत गावोगाव फिरले, म्हणून घरी फारसे दिसले नाहीत. माझे बाबा त्यांच्यावर उगाच रागावलेले. मग मला पुढे बोलावून शाल घातली. मी घेतली. टाळ्या चालू असताना नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.
खाली बसताना दादाने हळूच विचारलं, कांते, शेवटच्या रकान्यात काय आहे? मी म्हटलं, हेडमास्तरांची सही.

१३ डिसेंबर, दुपारी ४
गेले. मानपाड्याच्या दारापर्यंत. बेल वाजवली. सांगितलं सगळं, शेवटच्या रकान्यासकट. पाठ केलेली वाक्यं आठवली नाहीत.
दादा म्हणाला, म्हणजे बाबा बरोबर होते. आणि मी काल दीडशे माणसांपुढे त्यांना खोटं पाडलं. मेघना आतून पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.
मग तो म्हणाला, पाठीवर पोती वाहून त्या पंढरीमामाने भाच्याला शाळेत घातलं आणि काल त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. मी म्हटलं, चूक माझी. तो म्हणाला, हो.
ग्रुपवर मी स्वतः लिहायचं ठरलं. त्याच्यासमोर लिहिलं, त्याच्यासमोर पाठवलं. "किरकोळ दुरुस्ती" हे शब्द त्याने काढायला लावले.
निघताना त्याने कपाटातून आणखी दोन जुने कागद काढले. मोडीतलेच. मी हात पुढे केला. तो म्हणाला, कल्याणच्या त्या सरांचा नंबर दे.
सुवाच्य अक्षरात लिहून दिला. म्हणाला, वाचून दाखव. दाखवला. दहाही आकडे बरोबर होते. मेघनाने तेवढ्यात फोन लावून खात्री करून घेतली.